ट्रकचं इंजिन पुन्हा पुन्हा खोलावं लागतंय: बांधायचं की बदलायचं?

लक्षण असं: इंजिनचं काम होऊन वर्षही झालेलं नाही, तोच ऑइलची पट्टी रोज खाली दिसते. ब्रीदरमधून (इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणारी नळी) धूर येतो. भरलेली गाडी चढाला लागली की काटा लाल पट्टीकडे सरकतो आणि ड्रायव्हरचा फोन येतो, "भाऊ, गाडी तापी राहिनी." मिस्त्री म्हणतो पुन्हा बांधू, शेजारचा गाडीवाला म्हणतो सरळ दुसरं टाक.

दोघांचं ऐकण्याआधी मागचं काम कशाने गेलं ते शोधा. ट्रकचं डिझेल इंजिन नुसतं झिजून जायला कित्येक लाख किलोमीटर लागतात. पन्नास-साठ हजारांत बसलेलं इंजिन बहुतेक वेळा बाहेरच्या कारणाने बसलेलं असतं: हवेच्या पाइपातून शिरलेली धूळ, अर्धं बुजलेलं रेडिएटर, बोअरवेलचं जड पाणी, गळकं नोझल. ते कारण गाडीवर तसंच राहिलं तर कंपनीचं कोरं इंजिनसुद्धा त्याच वाटेने जाईल. म्हणून आधी न खोलता तपासणी, मग खोलून मापं, आणि पैशांचा हिशेब सगळ्यात शेवटी.

बॅक कॉम्प्रेशन: रिंगांवर खापर फोडण्याआधी

इंजिन गरम करा, आयडलला ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण उलटं करून भोकावर नुसतं टेकवा. थोडं थरथरलं तर चालेल. उडून पडत असेल किंवा भोकातून दाबाने धूर येत असेल तर क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरते त्या खालच्या भागात, दाब भरतोय. यालाच बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. इथपर्यंत सगळेच येतात आणि "रिंगा गेल्या" म्हणून हेड उतरवायला घेतात. पण रिंगा सोडून आणखी तीन जागा आहेत, आणि त्या तपासायला फार वेळ लागत नाही.

पहिली जागा ब्रेकचा एअर कॉम्प्रेसर. त्याचा पिस्टन झिजला की टाकीत जायची हवा इंजिनच्या चेंबरमध्ये (तळाच्या ऑइलच्या भागात) उतरते. चाकांना ठोकळे लावा, टाक्यांमधली हवा सोडा, कॉम्प्रेसरची डिलिव्हरी लाइन मोकळी करा आणि इंजिन पुन्हा चालू करून झाकण बघा. झाकण शांत झालं तर दोष कॉम्प्रेसरचा. हवेच्या टाकीचा ड्रेन उघडल्यावर काळं ऑइल येत असेल तर ही शंका आणखी बळावते.

दुसरी जागा टर्बो. त्याचं सील गेलं की एक्झॉस्टचा दाब ऑइलच्या रिटर्न पाइपातून खाली येतो. हा पाइप इंजिनकडच्या टोकाला सोडून डब्यात घ्या, इंजिनकडचं तोंड बंद करा आणि मिनिटभरच आयडलला चालवा. दाब उतरला तर टर्बो उघडायचा, इंजिन नाही.

तिसरी जागा खुद्द ब्रीदर. त्याची जाळी किंवा फिल्टर चिकटला असेल तर चांगल्या इंजिनमध्येही दाब साठतो आणि पुढच्या-मागच्या ऑइल सीलमधून गळती सुरू होते.

या तिन्ही जागा निर्दोष निघाल्या तरच रिंगा, लाइनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) आणि पिस्टनकडे वळा. मग दोष एकाच सिलिंडरचा की सगळ्यांचा, ते बघा. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत एकेका नोझलचा नट सैल करून सिलिंडर बाद करता येतो. कॉमन रेलच्या गाडीत (सगळ्या नोझलांना एकाच दाबाच्या पाइपातून डिझेल जातं ती) असं कधीही करू नका. त्या पाइपांत हजार बारच्या वर दाब असतो आणि ती धार कातडी फोडून आत जाते. तिथे स्कॅनर लावून सिलिंडर कट-आउट टेस्ट करा. एकच सिलिंडर मेलेला आणि बाकीचे चांगले, हा सगळ्यात स्वस्त निकाल. बहुधा नोझल, वॉल्व्ह किंवा एक पिस्टन एवढ्यावर भागतं.

ऑइल खातंय म्हणजे नेमकं किती?

"रोज लिटरभर लागतं" हे माप नव्हे. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून पंधरा मिनिटं थांबा, पट्टी वरच्या खुणेपर्यंत भरा. भरलेली गाडी १,००० किलोमीटर चालवा आणि त्याच जागी, तेवढाच वेळ थांबून, मापाने पुन्हा वरच्या खुणेपर्यंत भरा. लागलेलं ऑइल जळालेल्या डिझेलशी ताडून बघा. गाडी लिटरला ४ किलोमीटर देत असेल तर १,००० किलोमीटरला २५० लिटर डिझेल जळतं. एक लिटर ऑइल लागलं तर ते ०.४ टक्का झालं. चाललेल्या इंजिनला एवढ्यासाठी खोलू नये, नजर ठेवावी. अडीच लिटर म्हणजे एक टक्का. तिथे खोलायची वेळ जवळ आली असं धरून पैशांची सोय लावावी.

निळा धूर कधी येतो, तेही सांगतं. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू केल्यावर, किंवा घाट उतरून खाली पाय दिल्यावर भक्कन येऊन मग थांबत असेल तर वॉल्व्ह गाइड आणि सील बघा. ते हेडचं काम आहे. लोडवर सतत येत असेल तर रिंगा-लाइनर. इंटरकूलरचा पाइप सोडल्यावर आत ऑइल साचलेलं दिसलं तर आधी टर्बोच. पट्टीवर ऑइल उलट वाढत असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर नोझल किंवा पंपातून डिझेल चेंबरमध्ये उतरतंय. ऑइल पातळ होतं, दाब पडतो आणि बेअरिंगा जातात. अशी गाडी एक फेरीही पुढे चालवू नये.

तापणं: खानदेशात बहुतेक इंजिनं इथेच मरतात

रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल हे पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंशांवर आणि हवा ३० अंशांवर असेल तर फरक ६५ चा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला हवा ४५ अंशांवर गेली की तोच फरक ५० वर येतो. म्हणजे काहीही बिघडलेलं नसताना रेडिएटरची जवळजवळ पाव ताकद कमी होते. थंडीत चालून गेलेलं अर्धवट बुजलेलं रेडिएटर उन्हाळ्यात साथ सोडतं ते यामुळे. रावेर-सावद्याहून केळी भरून निघालेली गाडी शिरपूर ओलांडून बिजासनीच्या चढाला लागली, किंवा सुरतकडे जाताना कोंडाईबारी घाटात अडकली, की पहिला बळी हेड गास्केटचा.

समोरून रेडिएटर स्वच्छ दिसतं म्हणून फसू नका. इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत बघा. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या या फटीत रुईचं तूस ऑइलच्या थरावर बसतं, त्यावर धूळ बसते, आणि बोटभर जाड राखाडी नमदा तयार होतो. इंटरकूलरचे बोल्ट काढून तो पुढे झुकवल्याशिवाय हा नमदा दिसतच नाही. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची राख भरणाऱ्या गाड्यांमध्ये राखेचा असाच लेप बसतो. साफ करताना पाणी इंजिनच्या बाजूने पुढे मारा, म्हणजे कचरा आला त्या वाटेने बाहेर पडेल. प्रेशर वॉशरची नळी जवळ धरू नका, पाकळ्या आडव्या पडतात आणि मग हवेची वाट कायमची बंद होते.

आतली बाजू इन्फ्रारेड थर्मामीटरने कळते. इंजिन पूर्ण गरम असताना जाळीवर वर-खाली, डावी-उजवीकडे माप घ्या. मध्येच एखादा पट्टा बाकीच्यांपेक्षा बराच थंड लागला तर त्या नळ्यांतून पाणी फिरत नाही. जड पाण्याचा पांढरा क्षार नळ्यांत आणि ब्लॉकच्या पोकळीत, विशेषतः मागच्या सिलिंडरांभोवती, बसतो. ब्लॉकमधला क्षार जास्त वाईट, कारण काट्यावर पाणी ठीक दिसतं आणि लाइनर मात्र एका बाजूने भाजत असतो. ढाब्यावरच्या हौदातलं पाणी रेडिएटरमध्ये ओतायची सवय मोडलीच पाहिजे. तयार कूलंट घाला, किंवा डिस्टिल्ड पाण्यात कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात मिसळून घाला. ज्या इंजिनात लाइनर थेट पाण्यात असतो तिथे कूलंट आणखी महत्त्वाचं. लाइनर थरथरतो, पाण्यात सूक्ष्म बुडबुडे होऊन फुटतात आणि बाहेरून लाइनरला खड्डे पाडत आरपार भोक करतात. कूलंटमधली रसायनं लाइनरवर पातळ थर धरून हे रोखतात, साध्या पाण्यात तो थर मिळत नाही.

थर्मोस्टॅट (पाणी गरम झाल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा वॉल्व्ह) काढून टाकायची पद्धत चुकीची आहे. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास उघडाच राहतो आणि पाण्याचा एक भाग रेडिएटरकडे न जाता तसाच फिरत राहतो. चढावर गाडी आणखी तापते आणि थंडीत गरम होत नाही. नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी गरम पाण्यात थर्मामीटर ठेवून, त्यावर लिहिलेल्या तापमानाला तो उघडतो का ते बघा.

रेडिएटरचं झाकणही तपासा. ०.७ बारचं झाकण पाणी ११५ अंशांपर्यंत उकळू देत नाही. त्याचं रबर कडक झालं की पाणी शंभरच्या आसपासच उकळतं आणि बाहेर पडतं. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं तुटून पडलं असेल तर ते बसवा. गरम इंजिन बंद करून व्हिस्कस पंखा हाताने फिरवा. तो मोकळा गरगर फिरत असेल तर कपलिंग गेलंय.

पाणी कमी होतंय, पण गळताना दिसत नाही

रेडिएटरमध्ये बुडबुडे आले की हेड गास्केटच, असं धरू नका. ब्रेकच्या एअर कॉम्प्रेसरचं हेड पाण्याने थंड होतं. त्याचं गास्केट फुटलं की तो पाण्यात हवा ढकलतो आणि बुडबुडे हुबेहूब तसेच येतात. कॉम्प्रेसरच्या पाण्याच्या दोन्ही नळ्या काही मिनिटांपुरत्या एकमेकींना जोडा. बुडबुडे थांबले तर हेड उतरवायचं कारण नाही. थांबले नाहीत तर गॅस टेस्टरमधलं निळं द्रव रेडिएटरच्या तोंडावर धरा. ते हिरवट किंवा पिवळट झालं म्हणजे सिलिंडरचा जळका वायू पाण्यात येतोय.

ऑइल दुधाळ झालं तर पहिला संशय ऑइल कूलरवर. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो, म्हणून ऑइल रेडिएटरमध्ये तरंगतं. इंजिन बंद झाल्यावर पाणी उलट ऑइलमध्ये उतरतं. कूलर काढून त्याचं एक तोंड बंद करा, कोमट पाण्यात बुडवून ४-५ बार हवा द्या, भोक लगेच दिसेल. ईजीआर (थोडा जळका धूर थंड करून पुन्हा इंजिनात घेणारी व्यवस्था) असलेल्या गाडीत पाणी गुपचूप कमी होऊन सकाळी पांढरा धूर येत असेल तर ईजीआर कूलर काढून तशीच तपासणी करा. कूलरच्या कामात आणि पूर्ण इंजिनच्या कामात किती पैशांचं अंतर आहे ते सांगायला नको.

धूळ आत गेली का? एक पांढरं फडकं

एअर फिल्टर आणि टर्बो यांच्या मधला पाइप सोडा आणि आतून स्वच्छ पांढरं फडकं फिरवा. ते कोरडं आणि पांढरं निघालं पाहिजे. फडक्यावर तपकिरी पीठ आलं आणि चिमटीत कुरकुरलं तर इंजिन माती खातंय. मग टर्बोच्या पुढच्या चाकाच्या पात्यांच्या कडा बघा, मातीने त्या घासून बोथट होतात. फिल्टर नवा असला तरी उपयोग नाही, कारण माती फिल्टरमधून न येता त्याच्या पुढच्या होजच्या चिरेतून, सैल क्लँपातून किंवा फिल्टरच्या सीटवरच्या मळातून येते. हवेचा झोत मारून फिल्टर पुन्हा पुन्हा वापरणाऱ्या गाड्यांत कागदाला बारीक छिद्रं पडतात. फिल्टर काळोखात धरून आतून दिवा लावा, छिद्रं चमकतात.

मागचं काम मातीने गेलं असेल तर उतरवलेल्या रिंगा ते सांगतात. सगळ्या सिलिंडरांतली वरची रिंग सारखीच पातळ झालेली, तोंडाची फट खूप वाढलेली, लाइनर वरच्या भागात जास्त खाल्लेला. रिंगा ठीक आणि बेअरिंगा ओरबाडलेल्या असतील तर घाण ऑइलमधून आलीय: बांधताना ब्लॉक धुतलेला नाही, किंवा फिल्टर हलका होता.

ऑइलचा दाब आणि फिल्टरची चिरफाड

डॅशबोर्डच्या काट्यावर भरवसा नको. हाताचं गेज लावा. ऑइल पूर्ण गरम असताना आयडलला साधारण १ बार आणि पूर्ण फेऱ्यांवर ३ बारच्या वर दाब हवा. कमिन्सच्या बी मालिकेत खालची हद्द आयडलला ०.७ आणि फेऱ्यांवर २ बारच्या आसपास आहे. दाब कमी असेल तर रिलीफ वॉल्व्ह, पंपाची जाळी आणि ऑइलचा ग्रेड बघून मग बेअरिंगांवर या.

फिल्टर फेकू नका. करवतीऐवजी फिल्टर कटरने किंवा पत्र्याच्या कात्रीने कापा, म्हणजे करवतीचा कीस आत पडणार नाही. कागद पिळून उन्हात पसरा. लोहचुंबकाला चिकटणारा कीस रिंगा, लाइनर, कॅम किंवा गिअरचा. न चिकटणारी तांबूस चकाकी बेअरिंगची. तांबूस चकाकी दिसली तर गाडी उभी करा. आज दोन बेअरिंगांवर भागेल, पुढच्या घाटात क्रँक जाईल.

कॉम्प्रेशन गेज असेल तर सगळ्या सिलिंडरांचे आकडे लिहा. एकूण आकड्यापेक्षा आपापसातला फरक जास्त बोलतो. दहा टक्क्यांहून मोठा फरक असेल त्या सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून निघते ते ऐका: इनटेककडून म्हणजे इनलेट वॉल्व्ह, सायलेन्सरकडून एक्झॉस्ट वॉल्व्ह, ऑइलच्या तोंडातून रिंगा, रेडिएटरमधून गास्केट किंवा चीर.

खोलल्यावर: मापांशिवाय निर्णय नाही

बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली रुंदी, डायल गेजने मोजा, नुसत्या नखाने नाही. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या रेषेत एकदा व आडवं एकदा. म्हणजे सिलिंडरमागे सहा मापं. वरच्या रिंगेच्या जागी झीज सगळ्यात जास्त असते. मॅन्युअलमधली हद्द पाळा. ती हाताशी नसेल तर ०.१० मिमीच्या वर शंकूपणा किंवा लंबगोलपणा गेला की त्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घालू नयेत. वरची कड नखाला लागत असेल तर नवी रिंग त्या कडेवर आपटून मोडते. "हाफ इंजिन" (क्रँक न काढता नुसतं हेड-पिस्टन-रिंगांचं काम) सहा महिन्यांत परत येण्याचं हे सगळ्यात सामान्य कारण.

सगळ्या ब्लॉकमध्ये लाइनर नसतो. कमिन्सच्या ५.९ लिटर बी मालिकेत १०२ मिमीचा बोअर थेट ब्लॉकमध्येच आहे. तो ०.५० आणि नंतर १.०० मिमी वाढवता येतो, त्यापुढे स्लीव्ह. मागच्या कामात कितवं बोअरिंग झालंय हे पिस्टनच्या डोक्यावर कोरलेलं असतं, ते वाचा. लाइनरच्या इंजिनात लाइनर काढल्यावर ब्लॉकमधली कॉलरची बैठक बघा. ती खाल्लेली असेल तर लाइनर खाली बसतो आणि गास्केट पुन्हा फुटतं. लाइनर ब्लॉकच्या वर किती उभा राहतो ते डायलने चार ठिकाणी मोजून मॅन्युअलशी ताडा. हे माप बरेच गॅरेजवाले घेतच नाहीत, आणि मग गास्केटच्या कंपनीला दोष देतात.

क्रँकचे मेन आणि बिगएंड जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजा. ०.०५ मिमीच्या वर लंबगोल असेल तर ग्राइंडिंग. बेअरिंगा साधारणपणे ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी अंडरसाइजमध्ये मिळतात, पण आपल्या इंजिनला शेवटची कोणती मिळते ते दुकानात विचारूनच ग्राइंडिंगला टाका. ग्राइंडिंगआधी मॅग्नेटिक क्रॅक टेस्ट, आणि ग्राइंडरवाल्याला बजावून सांगा की जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई कायम ठेव. कोपरा काटकोनात कापला की तिथूनच क्रँक तुटते. नायट्राइड केलेल्या क्रँकचा कडक थर पातळ असतो. तो ग्राइंडिंगमध्ये निघून गेला आणि पुन्हा कडक केला नाही, तर नवी बेअरिंग घालूनही जर्नल लवकर खातं.

हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज घाला. ०.१० मिमीचं पान खालून जात असेल तर सरफेसिंग लागेल, पण हेडची किमान उंची राहिली पाहिजे. दोन वॉल्व्ह सीटच्या मधली चीर डाय टेस्टने दिसते. गरम पाण्याची प्रेशर टेस्टही करा, कारण थंड असताना मिटलेली चीर गरम झाल्यावर उघडते.

बेअरिंग फिरून ब्लॉकचं घर जळालं असेल तर लाइन बोअरिंग लागेल. पूर्ण लांबीची लाइन बोअरिंग नीट करणारी मशीन जवळ नसेल तर हा ब्लॉक सोडून द्यायच्या यादीत टाका. कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला, मेन बेअरिंगच्या आडव्या भिंतीत चीर गेली, किंवा क्रँक शेवटच्या अंडरसाइजवर असून पुन्हा खाल्ली, तर तिथे बांधायचा विचार सोडा.

आता हिशेब

पुढचे आकडे फक्त पद्धत दाखवायला घेतलेत. आपल्या गाडीचे आणि आजच्या कोटेशनचे आकडे त्या जागी टाका. समजा गाडी एक दिवस उभी राहिली की ४,००० रुपयांचं नुकसान होतं.

हाफ इंजिन: काम ९०,०००, आठ दिवस उभी म्हणजे ३२,०००. एकूण १,२२,०००. झिजलेल्या बोअरमध्ये केलं आणि ६०,००० किलोमीटर चाललं, तर किलोमीटरला दोन रुपयांच्या वर.
फुल इंजिन, ब्लॉक-क्रँक सकट: काम २,००,०००, पंधरा दिवसांचे ६०,०००. एकूण २,६०,०००. तीन लाख किलोमीटर चाललं तर ८७ पैसे.
कंपनीचं रीकंडिशन इंजिन, जुनं देऊन: ३,५०,००० आणि पाच दिवसांचे २०,०००. एकूण ३,७०,०००. चार लाख चाललं तर ९३ पैसे.

मोजून न बघता केलेलं हाफ इंजिन सगळ्यात महाग पडतं ते असं. बोअर हद्दीत असेल आणि दोष फक्त हेडचा असेल, तर मात्र तेच काम योग्य. फुल आणि बदली यांच्यातला फरक बहुधा थोडाच निघतो. मग ब्लॉक पहिल्या खेपेचा असेल, क्रँकला अजून दोन साइज शिल्लक असतील आणि लेथवाला मापं लिहून देणारा असेल, तर बांधा. ब्लॉक दुसऱ्यांदा बोअर झालेला असेल आणि गाडीला हप्ता असेल, तर बदला. टाटा मोटर्सच्या प्रोलाइफसारख्या योजनेत जुनं इंजिन देऊन कंपनीने बांधलेलं मिळतं. घेताना शॉर्ट ब्लॉक (हेडशिवाय) की लाँग ब्लॉक (हेडसकट), पंप-नोझल आणि टर्बो त्यात आहे का, आणि जुना ब्लॉक फुटका असेल तर किती पैसे कापणार, हे लेखी घ्या. वॉरंटीसाठी रेडिएटर, होज, ऑइल कूलर बदलल्याची बिलं मागितली जातात, ती जपा.

भंगारातलं जुनं इंजिन घ्यायचंच असेल तर जागेवर चालू करून, गरम करून, वरच्या सगळ्या तपासण्या केल्याशिवाय पैसे देऊ नका. इंजिन नंबर घासलेला असेल तर हातही लावू नका. बिल आणि मूळ गाडीचे कागद हवेतच.

बीएस-६ गाडीत (१ एप्रिल २०२० पासूनच्या) ऑइल जाळणारं इंजिन जास्त दिवस चालवणं परवडत नाही. जळालेल्या ऑइलची राख डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) साचते आणि रीजनरेशनने, म्हणजे काजळी जाळून फिल्टर साफ करण्याने, ती जात नाही. नोझल बदलली तर प्रत्येकीचा कोड ईसीयूत (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) भरावा लागतो, नाहीतर सिलिंडर असमान चालून पुन्हा पिस्टन जळतो. ऑइलही त्या इंजिनला सांगितलेल्या कमी राखेच्या ग्रेडचंच.

कागद

इंजिन बदललं की आरसीवरचा नंबर बदलतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली त्याची नोंद आरटीओत करावी लागते, आणि बदल केल्यापासून १४ दिवसांत कळवायचं असतं. धुळ्याला एमएच-१८, जळगावला एमएच-१९, नंदुरबारला एमएच-३९, जिथे गाडी नोंदलेली आहे तिथे इंजिन विकत घेण्याआधीच जाऊन परवानगी आणि कागदांची यादी घ्या. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सची संमती, आणि विमा कंपनीला लेखी कळवणं. बीएस-४ च्या गाडीत बीएस-३ चं इंजिन बसवून पासिंग होणार नाही.

बांधताना आणि पहिले हजार किलोमीटर

रिंगेच्या तोंडाची फट बोअरमध्ये घालून मोजा: दर १०० मिमी बोअरला साधारण ०.३ ते ०.४ मिमी. टाटाच्या ६९७ चा बोअर ९७ मिमी, म्हणजे तिथेही एवढीच. होनिंगनंतर बोअर डिझेलने पुसून भागत नाही. डिझेल होनिंगच्या दगडाचे कण रेघांमध्येच सोडतं. गरम पाणी, साबण आणि ब्रशने घासा, पांढरं फडकं स्वच्छ निघेपर्यंत, आणि लगेच ऑइल लावा. ब्लॉकच्या ऑइल गॅलरीचे प्लग काढून आतून ब्रश घाला. इंटरकूलर आणि त्याचे पाइप धुतल्याशिवाय जोडू नका. मागचा पिस्टन किंवा टर्बो फुटलेला असेल तर त्याचे तुकडे तिथेच बसलेले असतात. हेड बोल्ट टॉर्क रेंचनेच, मॅन्युअलच्या क्रमाने. अंशांत फिरवायचे बोल्ट असतील तर लांबी मोजून हद्दीबाहेरचे बदला.

सुरू करण्याआधी टर्बोच्या ऑइलच्या तोंडात ऑइल ओता. डिझेल बंद ठेवून दाब दिसेपर्यंत सेल्फ थोडा थोडा मारा. सुरू झाल्यावर तासभर आयडलला ठेवायची रीत सोडा. लोड नसेल तर रिंगा बोअरला बसत नाहीत आणि बोअरवर चकाकी धरते. गरम झालं, गळती नाही हे बघितलं, की अर्धा ते पाऊण लोड भरून सपाट रस्त्यावर काढा. धुळे-जळगाव-भुसावळ पट्टा यासाठी चांगला. पहिल्या हजारात घाट आणि ओव्हरलोड टाळा, वरच्या गिअरमध्ये कुंथवत नेऊ नका.

१,००० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, टॅपेट तपासा, होजचे क्लँप पुन्हा आवळा, आणि हा फिल्टरही कापा. थोडा बारीक काळा कीस चुंबकाला चिकटेल, तो नव्या रिंगांचा. तांबूस चकाकी दिसली तर ड्रायव्हरला पुढच्या भाड्याला पाठवू नका. चेंबर उतरवा, सगळ्यात मागच्या मेन आणि बिगएंडच्या टोप्या आधी खोला, बेअरिंगच्या पाठीवरचा साइज वाचा आणि ग्राइंडिंगच्या मापांशी ताडून बघा.